अजब बंगला, देवटेकचा दगड आणि आपल्या घरची लोखंडी पेटी

विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त स्मरणिका निघणार, त्यात तुमचा एक लेख पाहिजेच, असा आग्रह कार्यकर्त्यांनी धरला. धम्मावर अधिकाराने लिहिणारे आपल्यात पुष्कळ आहेत, आमचा तो अधिकार नाही. परंतु जुन्या वस्तूंच्या नोंदी तपासणे, शिलालेखांचे ठसे पाहणे, कोणती वस्तू कुठल्या गावातून आली याचा माग काढणे, या कामात आमची बरीच वर्षे गेली. त्यातला मोठा काळ नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाच्या, म्हणजे आपल्या अजब बंगल्याच्या आसऱ्याने गेला. तेव्हा ती इमारत, तिथले काम आणि त्या कामाचा आपल्या वस्तीशी असलेला संबंध, एवढाच विषय येथे घेतला आहे.

वस्तीतल्या जुन्या बायामाणसांना आम्ही काय काम करतो ते सांगितले की पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "काहून बा, त्या मेलेल्या वाघापाशी दिवसभर बसून काय करता?" प्रश्न काही चुकीचा नाही. अजब बंगला म्हटले की भुसा भरलेले प्राणी, तलवारी आणि शाळेची सहल एवढेच आपल्याला आठवते. ज्या घरात आपल्या भूमीचा दोन हजार वर्षांपूर्वीचा पुरावा ठेवला आहे, त्या घराशी आपली ओळख एवढीच असावी, याचे मात्र वाईट वाटते.

बंगला कसा उभा राहिला

नागपूरचे राजे तिसरे रघूजी भोसले १८५३ मध्ये वारले आणि डलहौसीने त्यांचे राज्य खालसा केले. १८६१ मध्ये इंग्रजांनी मध्य प्रांत निर्माण करून नागपूर ही त्याची राजधानी केली. सर रिचर्ड टेंपल हे येथे चीफ कमिशनर असताना, १८६३ मध्ये, हे संग्रहालय सुरू झाले. नवा मुलूख हाती आला होता. त्यात दगड कोणता, खनिज कोणते, लाकूड-कापूस किती आणि माणसे कोण, हे सर्व सरकारला जाणून घ्यायचे होते. ज्ञानाची आवड होतीच, पण राज्यकारभाराची गरजही होती. दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवल्या तरच तिथल्या जुन्या नोंदींचा अर्थ लागतो.

याच काळात नागपुरात स्टीफन हिस्लॉप नावाचे मिशनरी होते. १८४५ मध्ये ते येथे आले. आपले हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाने आहे. धर्मप्रचाराबरोबर त्यांना दगड, जीवाश्म आणि आदिवासींच्या भाषांचा मोठा नाद होता. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटजवळची जुनी शिळावर्तुळे पाहून ते टेंपलसाहेबांच्या मुक्कामाकडे परत निघाले आणि वाटेत पुराच्या पाण्यात बुडून गेले. त्यांचे कागद पुढे टेंपल यांनी संपादित करून १८६६ मध्ये छापले. ज्या शिळावर्तुळांपायी हिस्लॉप गेले, तिथेच शंभराहून अधिक वर्षांनी नागपूर विद्यापीठाच्या डॉ. शां. भा. देव यांनी शास्त्रशुद्ध उत्खनन केले. एकाने पाहावे, टिपून ठेवावे आणि दुसऱ्याने ते पुढे न्यावे, असे हे काम आहे.

मात्र या इतिहासाला दुसरी बाजूही आहे. १८६५ मध्ये नागपुरात मोठे प्रदर्शन भरले. त्यानंतर १८६६-६७ मध्ये जबलपूरला प्रदर्शन भरले आणि तिथे कापूस, भांडी, हत्यारे यांच्यासोबत जिवंत आदिवासी माणसेही पाहण्या-तपासण्यासाठी आणली गेली. त्याचा जो सरकारी अहवाल निघाला, त्याच्या नावातच त्या माणसांना 'नमुने' म्हटलेले आहे. गोंड, कोरकू, बैगा ही आपल्या शेजारची माणसे. लाकडाचा नमुना, दगडाचा नमुना, तसा माणसाचा नमुना! आम्ही हे वाचले तेव्हा एक गोष्ट पक्की झाली. संग्रहालयात कोण कोणाकडे पाहतो आणि पाटीवरचा मजकूर कोण लिहितो, हा प्रश्न साधा नाही. गावकुसाबाहेर ठेवलेल्या समाजाला तो लवकर कळतो.

संशोधक काय करतो

आता वाघापाशी बसून काय करतात ते सांगतो. संग्रहालयात वस्तू आली की प्रथम ती दाखल रजिस्टरात चढते. तिला नंबर मिळतो. वस्तू कशाची, लांबी-रुंदी किती, कुठे सापडली, कोणी दिली, कोणत्या तारखेला आली, तुटकी आहे की धड, हे सर्व लिहावे लागते. संशोधकाचे अर्धे आयुष्य या रकान्यांची पडताळणी करण्यात जाते. नंबर पुसट झालेला असतो, गावाचे नाव इंग्रज कारकुनाने कानाला लागले तसे लिहिलेले असते. मग जुना नकाशा काढा, तालुका पाहा, त्या नावाचे आणखी कोणते गाव आहे ते शोधा, असा उद्योग चालतो.

यातला सर्वांत मोलाचा रकाना कोणता, असे विचाराल तर 'कुठे सापडली' हा. मूर्ती कितीही देखणी असो, ती कुठल्या मातीतून निघाली हे ठाऊक नसेल तर ती अर्धी मुकी झाली. फुटके खापर असले तरी त्याचे गाव आणि थर ठाऊक असेल तर ते बोलते.

शिलालेखाचे काम आणखी निराळे. दगड पाण्याने, मऊ ब्रशने साफ करायचा. त्यावर ओला कागद पसरायचा आणि ब्रशने हलके हलके ठोकत राहायचे, म्हणजे कागद अक्षरांच्या खाचेत बसतो. मग वरून शाईचा बोळा फिरवायचा. दगडाचा सपाट भाग काळा होतो आणि अक्षरे पांढरी उठून येतात. हा ठसा घरी नेऊन महिनोन् महिने वाचता येतो. रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांत-वऱ्हाडातील शिलालेखांची यादी १९१६ मध्ये प्रसिद्ध केली. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांच्या लेखांचा मोठा ग्रंथ १९६३ मध्ये काढला. हे सर्व अशाच ठशांच्या जोरावर झाले.

देवटेकचा दगड

चंद्रपूर जिल्ह्यात देवटेक नावाचे लहानसे गाव आहे. तिथला एक मोठा शिलाखंड नागपूरच्या संग्रहालयात आला. आमच्या मते आपल्या समाजातील प्रत्येक शाळकरी पोराने हा दगड एकदा तरी पाहिला पाहिजे.

या एका दगडावर दोन लेख आहेत. जुना लेख प्राकृत भाषेत, अतिप्राचीन ब्राह्मी लिपीत आहे. अक्षरांच्या वळणावरून तो इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकाच्या सुमाराचा मानतात. चिकंबरी या गावाला उद्देशून काढलेली ती एका अधिकाऱ्याची आज्ञा आहे. प्राण्यांना पकडू नये, मारू नये, अशा अर्थाची. त्यात चौदावे वर्ष नोंदलेले आहे. दुसरा लेख संस्कृतात आहे. तो वाकाटक राजा पहिला रुद्रसेन याच्या काळचा, म्हणजे पाच-सहाशे वर्षांनंतरचा. त्यात त्याच गावी राजाचे धर्मस्थान असल्याची नोंद आहे. नवा लेख कोरण्यासाठी जुन्या लेखाची काही अक्षरे छिनून टाकण्यात आली. जवळच आजही चिकमारा नावाचे गाव आहे. गावाचे नाव दोन हजार वर्षे टिकले, आज्ञा मात्र छिन्नीखाली गेली.

मिराशींनी जुन्या लेखाचा संबंध सम्राट अशोकाच्या काळाशी जोडला. आपल्याला त्याचा आनंद होणे साहजिक आहे. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर जमणाऱ्या आपल्या लोकांना, अशोकाच्या काळचा जीवदयेचा हुकूम आपल्याच विदर्भातल्या एका गावासाठी निघाला होता, हे कळले तर ऊर भरून येईल. पण संशोधकाने येथे थोडे थांबावे लागते. त्या दगडावर अशोकाचे नाव नाही. लिपी आहे, वर्ष आहे, आज्ञेचा आशय आहे. यावरून तर्क चांगला होतो, तरी तो तर्कच. म्हणून पाटी लिहायची तर 'अशोकाचा शिलालेख' असे लिहू नये. 'अशोककालीन मानला जाणारा लेख' असे लिहावे. एका शब्दाचा फरक आहे, पण तो शब्द राखला तर उद्या कोणी विद्वान समोर आला तरी आपल्याला मान खाली घालावी लागत नाही.

पवनी, हमलापुरी आणि मनसर

आपल्या भागात बौद्ध धम्म १९५६ मध्ये पहिल्यांदा आला असे नवीन पिढीतल्या काहींना वाटते. तसे नाही. भंडारा जिल्ह्यातील पवनी येथे १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून उत्खनन केले. डॉ. देव आणि जगत्पती जोशी यांनी ते चालविले. जगन्नाथ टेकडी व चांडकापूर येथे प्राचीन स्तूपांचे अवशेष निघाले. मुचलिंद नागराजाचे शिल्प निघाले. सांची-भारहूतप्रमाणे दान देणाऱ्यांची नावे दगडावर कोरलेली मिळाली.

हे दानलेख आम्हाला फार जवळचे वाटतात. आपल्या विहारात पंख्याच्या पात्यावर, संगमरवरी फरशीवर 'अमुक यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ सप्रेम भेट' असे लिहिलेले असते. कोणी हसतात, म्हणतात नावाची हौस आहे. हसू नये. पवनीच्या स्तूपाला कोणाचे हात लागले हे आज आपल्याला कळते, ते कोणीतरी आपले नाव दगडावर कोरून ठेवले म्हणूनच.

१९८२ मध्ये रामटेकजवळच्या हमलापुरी येथे बुद्धाच्या ब्राँझ मूर्ती सापडल्या. वाकाटक राजे मुख्यतः शिव-विष्णूचे उपासक, पण त्यांच्या मुलखात बुद्धमूर्ती घडत होत्या, पूजल्या जात होत्या. वाकाटक हरिषेणाचा प्रधान वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरविले, हे तर तिथल्या लेखातच आहे. धम्माची मुळे या मातीत खोल गेलेली आहेत, हे यावरून दिसते.

आता मनसरकडे येऊ, कारण हा विषय आपल्या लोकांच्या मनाला लागणारा आहे. रामटेकजवळच्या मनसर येथे १९९७-९८ पासून बोधिसत्त्व नागार्जुन स्मारक संस्थेच्या वतीने जगत्पती जोशी व अ. कु. शर्मा यांनी मोठे उत्खनन केले. भदंत सुरई ससाई यांची त्यामागची तळमळ सर्वांना ठाऊक आहे. या स्थळाचा संबंध आचार्य नागार्जुनांशी व बौद्ध वास्तूंशी आहे, असे मत मांडले गेले. दुसरीकडे हान्स बाकर आणि इतर अभ्यासकांनी, ही वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर आणि तिथले प्रवरेश्वराचे शिवमंदिर होय, असे मांडले. प्रवरेश्वराचे नाव असलेली मुद्रा मिळाल्याने त्यांच्या म्हणण्याला बळ आले.

आपण कोणती बाजू घ्यावी? वस्तीत हा प्रश्न आम्हाला अनेकदा विचारला गेला. "तुम्ही आपले की त्यांचे?" असेही एकाने विचारले. आमचे उत्तर एवढेच की कालामांना तथागतांनी जे सांगितले ते पुरातत्त्वालाही लागू आहे. परंपरेने सांगितले म्हणून, आपल्या माणसाने सांगितले म्हणून, मनाला आवडते म्हणून मानू नये. दोन्ही बाजूंचे पुरावे वाचावेत. एकाच जागेचा वेगवेगळ्या काळी वेगवेगळा उपयोग होऊ शकतो, हे देवटेकच्या दगडाने शिकविलेच आहे. आपल्या धम्माचा मोठेपणा एखाद्या टेकडीवर अवलंबून नाही. पण पुराव्याविना दावा केला आणि तो पडला, तर आपल्या खऱ्या दाव्यांवरही लोक शंका घेतात. पवनीसारखे भक्कम पुरावे आपल्यापाशी असताना ही जोखीम घ्यायची कशाला?

जे कोणत्याही कपाटात नाही

इथवर राजे झाले, स्तूप झाले. आता आपल्या आजोबा-पणजोबांकडे या. १९१६ मध्ये रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जाती-जमातींवर चार खंड काढले. त्यात आपल्या पूर्वजांवरही लिहिले आहे. चालीरीती, पोटजाती, म्हणी सर्व आहे. पण ते दुसऱ्यांनी आपल्याबद्दल लिहिले. त्याच काळात आपली माणसे स्वतः काय करीत होती? मोहप्याचे किसन फागुजी बनसोडे छापखाना चालवीत होते, वर्तमानपत्रे काढत होते. जाईबाई चौधरी मुलींची शाळा चालवीत होत्या. कामठीचे बाबू हरदास १९३७ मध्ये निवडून येऊन प्रांताच्या विधिमंडळात गेले आणि ३५ वर्षांचे असतानाच १९३९ मध्ये वारले. आज आपण घरोघर 'जय भीम' म्हणतो ती त्यांची देणगी. जुलै १९४२ मध्ये नागपुरात परिषद भरली, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा पाया घातला गेला, आणि सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली महिलांची स्वतंत्र परिषद झाली.

या परिषदेला हजारो बाया गेल्या. एम्प्रेस मिलच्या पाळीवरून, विडीच्या कामावरून, शेतावरून गेल्या. त्यांच्यापैकी कितींची नावे आपल्याला ठाऊक आहेत? ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगाव फिरून चळवळीतल्या स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या आणि 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ मध्ये काढले. ते काम आणखी दहा वर्षे लांबले असते तर कितीतरी जणी न बोलताच गेल्या असत्या.

आपल्याच नागपूरचे वसंत मून यांचे उदाहरण तर डोळ्यांसमोर ठेवण्यासारखे आहे. बाबासाहेबांचे लेखन महाराष्ट्र शासनाने खंडरूपाने छापायला घेतले, पहिला खंड १९७९ मध्ये निघाला, त्या कामाचे संपादन मून यांनी केले. कागद लावणे, हस्तलिखित जुळवणे, कोणते पान कशाचे ते ठरवणे, हे संग्रहालयातल्या कामापेक्षा वेगळे नाही. शिवाय त्यांनी 'वस्ती' लिहून आपल्या नागपुरातल्या महारपुऱ्याचे जगणेही नोंदवून ठेवले. ती वस्तीच मग एक दस्तऐवज झाली.

१४ ऑक्टोबर १९५६ च्या सोहळ्याची धुरा वाहणारे वामनराव गोडबोले यांनी नागपूरजवळच्या चिचोलीला शांतिवन उभारले. तिथे बाबासाहेबांचे कपडे, टंकलेखन यंत्र आणि वापरातील इतर वस्तू जपल्या गेल्या. लोकरीचा कोट जपणे म्हणजे काय, ते नागपूरकराला सांगायला नको. उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, कापड-कागद कडक होतात. मग पावसाळा लागतो, ओल धरते, कसर लागते, बुरशी येते. कापडाचे शत्रू तीनच: ऊन, ओल आणि किडा. बाबासाहेबांच्या कोटाला जे लागू, ते तुमच्या आजीच्या पांढऱ्या लुगड्यालाही लागू. दीक्षेसाठी विकत आणलेले ते लुगडे कितीतरी घरांत अजून आहे.

आपल्या घरची पेटी

दीक्षाभूमीचा भव्य स्तूप १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते खुला झाला. नवीन पोरांना वाटते तो नेहमीच तिथे होता. १९५६ साली तिथे उघडे मैदान होते. ते मैदान ज्यांनी पाहिले, त्या दिवशी दहा वर्षांचे होते, ते आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्यापाशी जे आहे ते कोणत्याही कपाटात नाही. म्हणून विहाराच्या कार्यकर्त्यांना आमची नम्र सूचना आहे की एक मोठे रजिस्टर विकत घ्यावे आणि अजब बंगल्यासारखेच रकाने आखावेत: नंबर, वस्तू, कोणाच्या घरची, कोणत्या वर्षाची, कोणी सांगितले, लिहिल्याची तारीख. वस्तू घेऊ नये, ती त्यांच्याच घरी राहू द्यावी. नोंद आणि फोटो मात्र घ्यावा.

घरच्यांसाठीही दोन गोष्टी सांगतो. जुना कागद, दाखला, पत्रक लॅमिनेशन करू नका. ते पुन्हा निघत नाही आणि कागद आत खराब होतो. फाटल्या जागी चिकटपट्टी लावू नका, ती पिवळी होऊन डाग पाडते. फोटोच्या मागे नावे लिहायची तर बॉलपेन नको, साधी शिसपेन्सिल घ्या आणि हलक्या हाताने लिहा. धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून, ओल्या भिंतीपासून दूर ठेवा. डांबराच्या गोळ्या कापडाला चिकटून ठेवू नका. वर्षातून एकदा, पावसाळा सरला की, पेटी उघडून पाहा.

म्हातारी माणसे जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहा. एक आजी म्हणतील आम्ही रात्रीच मैदानावर जाऊन बसलो, दुसऱ्या म्हणतील पहाटे गेलो. दोन्ही लिहा, सांगणारीचे नाव लिहा. कोणाचे खरे, यावरून भांडण करू नका. आज आपले काम नोंदीचे आहे. ताडून पाहणारा उद्या येईल, आणि तो तुमच्याच घरातला असेल.

देवटेकच्या दगडावरची जुनी अक्षरे छिन्नीने गेली, तरी जी उरली तेवढ्यावरून आज्ञा वाचता आली. आपल्या पेटीतली अक्षरे छिनायला कोणी येणार नाही. ती वाळवी आणि आपला आळस यांनीच जातील. येत्या वर्धापन दिनापर्यंत रजिस्टराची निदान पहिली शंभर पाने भरावीत, एवढी अपेक्षा ठेवून हा लेख पुरा करतो.

जय भीम.